अतिदक्षता विभागातील जंतुसंसर्ग : अंदाजपत्रकात न दिसणारा खर्च

रुग्णालयाच्या खर्चाचा विचार करू लागले की इमारत, यंत्रसामग्री, औषधे आणि वेतन या चार बाबी डोळ्यांसमोर येतात. अंदाजपत्रकात त्यांना स्वतंत्र शीर्षे असतात व त्यांच्यावर चर्चाही होते. परंतु ज्याला कोठेच शीर्ष नाही, ज्याची तरतूद कोणी मागत नाही आणि तरीही जो वर्षानुवर्षे न चुकता होत राहतो, असा एक खर्च प्रत्येक मोठ्या रुग्णालयात असतो. तो म्हणजे रुग्णालयातच जडलेल्या जंतुसंसर्गाचा खर्च होय. औषधांच्या बिलात, वाढलेल्या मुक्कामात, तपासण्यांच्या संख्येत आणि रुग्णाच्या घरच्या कर्जात तो विखुरलेला असतो. म्हणूनच तो दिसत नाही.

दाखल होताना रुग्णाच्या शरीरात नसलेला आणि सामान्यतः दाखल झाल्यानंतर दोन दिवस उलटल्यावर प्रकट झालेला संसर्ग रुग्णालयजन्य समजला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार संपन्न देशांतील रुग्णालयांत दर शंभर रुग्णांपैकी सात जणांना, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना असा निदान एक तरी संसर्ग होतो. आणि संसर्ग झालेल्या दर दहांमध्ये एक जण दगावतो. अतिदक्षता विभागात हे प्रमाण शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. याच अहवालात असेही नमूद आहे की, हातांची स्वच्छता व इतर साधे उपाय काटेकोरपणे योजल्यास यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत संसर्ग टाळता येतात. म्हणजे येथे ज्या पैशाचा विचार करावयाचा आहे, त्याचा बराच मोठा भाग वाचविता येण्याजोगा आहे.

जंतूंची वाट

अतिदक्षता विभागातच हा धोका अधिक का, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. निरोगी माणसाची त्वचा, श्वासमार्गातील बारीक केस, खोकण्याची शक्ती आणि मूत्राचा प्रवाह हे त्याचे पहारेकरी असतात. अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत हे पहारेकरी आपणच दूर करतो. श्वास घेता येत नाही म्हणून घशातून नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. औषधे थेट मोठ्या रक्तवाहिनीत पोहोचावीत म्हणून मानेच्या, गळ्याच्या हाडाखालच्या किंवा जांघेच्या शिरेतून मध्यवर्ती नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, बसवावी लागते. लघवीचे मोजमाप ठेवण्यासाठी मूत्रनलिका असते. या तीन नळ्या प्राण वाचवितात यात शंका नाही; पण त्याच जंतूंच्या वाटाही होतात. नळीच्या पृष्ठभागावर जंतू एकमेकांना चिकटून चिवट थर तयार करतात आणि त्या थरात प्रतिजैविके नीट पोहोचत नाहीत. नळी जितके दिवस शरीरात राहील तितका धोका वाढत जातो.

जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर आपोआप जात नाहीत. त्यांना वाहून नेणारे हात असतात आणि ते बहुधा घाईत असलेल्या डॉक्टरांचे, परिचारिकांचे वा सेवकांचे असतात. व्हिएन्ना येथील प्रसूती विभागात इग्नाझ सेमेल्वाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा दंडक घातला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शंभर मातांमागे अठराहून अधिक मृत्यू होत होते. जूनमध्ये ते दोनच्या आसपास आले. त्यांच्या समकालीनांनी ही गोष्ट सहजासहजी मानली नाही. पावणेदोनशे वर्षांनंतरही हात धुण्याची आठवण करून द्यावी लागते, हे पाहता ज्ञान आणि सवय यांच्यातील अंतर किती मोठे आहे याची कल्पना येते.

खर्च कोठे कोठे होतो

संसर्ग झाला की रुग्णाचा विभागातील मुक्काम वाढतो. हा खर्चाचा सर्वांत मोठा घटक असून एकूण रकमेचा बहुतांश भाग त्यातच जातो. त्यानंतर प्रतिजैविके येतात. अतिदक्षता विभागातील जंतू बहुधा नेहमीच्या औषधांना दाद न देणारे असतात. त्यामुळे महागडी, शिरेतून द्यावयाची आणि मूत्रपिंडाला अपाय करू शकणारी औषधे वापरावी लागतात. मूत्रपिंड बिघडल्यास डायलिसिसचा खर्च वाढतो. रक्ताच्या, थुंकीच्या व लघवीच्या जंतुपरीक्षा, क्ष-किरण, नळ्या बदलणे हे चालूच असते. हे झाले रुग्णालयाच्या चार भिंतींच्या आतले.

भिंतीबाहेरचा खर्च कोणी लिहून ठेवत नाही. रुग्णासोबत आलेला भाऊ किंवा मुलगा पंधरा दिवसांऐवजी महिनाभर शहरात राहतो. त्याची मजुरी बुडते, पेरणी वा कापणी दुसऱ्याकडून करवून घ्यावी लागते, जेवणखाण व प्रवास यांवर पैसा जातो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीनुसार रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रत्येक प्रसंगी सरासरी वैद्यकीय खर्च शासकीय रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खाजगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये होता. ही सर्व प्रकारच्या दाखल रुग्णांची सरासरी आहे. अतिदक्षता विभागातील एकेक वाढीव दिवस या सरासरीला कोठे नेऊन ठेवतो, हे ज्या ग्रामपंचायत सदस्यांकडे मदतीसाठी माणसे येतात त्यांना वेगळे सांगावयास नको. घर गहाण पडते ते बहुधा पहिल्या आठवड्याच्या बिलासाठी नव्हे, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या बिलासाठी.

परदेशांतील हिशेब

या खर्चाचा पद्धतशीर हिशेब प्रथम ब्रिटन व अमेरिका या देशांत झाला. इंग्लंडच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २००० मध्ये संसदेला सादर केलेल्या अहवालात देशात दरवर्षी निदान एक लाख रुग्णालयजन्य संसर्ग होतात व त्यांचा भार सुमारे १ अब्ज पौंड इतका पडतो, असा अंदाज दिला होता. त्यास आधारभूत ठरलेल्या अभ्यासात संसर्ग झालेल्या रुग्णावरील खर्च इतरांच्या जवळजवळ तिप्पट आढळला आणि मुक्काम सरासरी ११ दिवसांनी लांबला होता. लेखापरीक्षकांनी हा विषय हाती घ्यावा, ही बाब आपल्याकडील अधिकाऱ्यांनी मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. हातांची स्वच्छता हा तेथे केवळ वैद्यकीय विषय राहिला नाही, सार्वजनिक पैशाचा विषय झाला.

अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वंकष अभ्यासात एकेका संसर्गाची किंमत वेगवेगळी काढण्यात आली. मध्यवर्ती नळीतून रक्तात शिरलेल्या एका संसर्गाला ४५,८१४ डॉलर, व्हेंटिलेटरमुळे झालेल्या न्यूमोनियाला ४०,१४४ डॉलर, शस्त्रक्रियेच्या जखमेच्या संसर्गाला २०,७८५ डॉलर, तर मूत्रनलिकेच्या संसर्गाला अवघे ८९६ डॉलर. पाच प्रमुख संसर्गांचा त्या देशातील वार्षिक भार ९.८ अब्ज डॉलर निघाला. या आकड्यांचा खरा उपयोग त्यांतील तफावतीत आहे. मूत्रनलिकेचा संसर्ग संख्येने पुष्कळ पण स्वस्त, तर मध्यवर्ती नळीचा व फुप्फुसाचा संसर्ग संख्येने कमी पण अत्यंत महाग. साधने थोडी असतील तर प्रथम लक्ष कोठे द्यावे, हे यावरून ठरविता येते.

हिशेबातील खाचखळगे

येथे वाचकांनी थोडे सावध राहणे आवश्यक आहे. संसर्ग झालेले रुग्ण सरासरी ३० दिवस राहिले व न झालेले १० दिवस, म्हणून संसर्गाने २० दिवस वाढविले, असा सरळ निष्कर्ष अनेकदा काढला जातो. तो चुकीचा आहे. जो रुग्ण मुळातच अधिक आजारी आहे तो अधिक दिवस राहतो आणि जो अधिक दिवस राहतो त्याला संसर्गाची संधी अधिक मिळते. म्हणजे लांबलेला मुक्काम हा काही अंशी संसर्गाचा परिणाम आणि काही अंशी त्याचे कारण असतो. संसर्ग होण्यापूर्वीचे दिवस वगळून व सारख्याच प्रकृतीच्या रुग्णांशी तुलना करून हिशेब केला की वाढीव दिवसांची संख्या बरीच खाली येते. ती शून्यावर येत नाही, हे महत्त्वाचे.

दुसरी बाब याहून सूक्ष्म आहे. संसर्ग टाळला तर रुग्णालयाच्या तिजोरीत तेवढी रोकड शिल्लक पडेल काय? नाही. परिचारिकांचे वेतन, इमारतीची देखभाल, विजेचे देयक व यंत्रांची किंमत ही तशीच राहणार. प्रत्यक्ष वाचतात ती औषधे, नळ्या व तपासण्या. त्यामुळे वर्षअखेरीस ‘वाचलेले पैसे दाखवा’ असे म्हणणाऱ्या लेखाधिकाऱ्यास दाखविण्यासारखे फारसे काही हाती नसते, आणि मग संसर्गनियंत्रणाची मागणी मागे पडते. वस्तुतः जे वाचते ते खाटेचे दिवस.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग आहे. वर्षाला त्याचे ३,६५० खाट-दिवस होतात. रुग्णाचा मुक्काम सरासरी ५ दिवसांचा धरला तर तेथे ७३० रुग्णांची सोय होऊ शकते. त्यांपैकी ४० जणांना संसर्ग झाला व प्रत्येकाचा मुक्काम ८ दिवसांनी वाढला, तर ३२० खाट-दिवस खर्ची पडले. म्हणजेच ६४ रुग्णांना जागा मिळाली नाही. सर्पदंशाचा, अपघाताचा वा प्रसूतीत अडलेला तो रुग्ण ‘खाट शिल्लक नाही’ हे उत्तर ऐकून रुग्णवाहिकेतून पुढच्या शहराकडे गेला. त्याचे नाव या रुग्णालयाच्या कोणत्याही नोंदवहीत येत नाही. शासकीय रुग्णालयापुरते बोलावयाचे तर संसर्गाची खरी किंमत रुपयांपेक्षा या ६४ माणसांत मोजणे अधिक योग्य ठरेल.

मिशिगनचा प्रयोग

प्रतिबंध शक्य आहे काय व त्याला किती पैसा लागतो, या प्रश्नांची उत्तरे अमेरिकेतील मिशिगन राज्यात झालेल्या कामातून मिळतात. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील अतिदक्षता तज्ज्ञ डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ मध्ये मध्यवर्ती नळी बसविताना करावयाच्या गोष्टींची एक छोटी यादी तयार केली. हात साबणाने धुणे. रुग्णाची त्वचा क्लोरहेक्सिडीनने स्वच्छ करणे. रुग्णाचे संपूर्ण अंग निर्जंतुक चादरीने झाकणे. टोपी, मुखपट्टी, झगा व हातमोजे घालणे. नळी बसल्यावर जागेवर निर्जंतुक पट्टी लावणे. यांत नवे काहीच नव्हते. कोणत्याही वैद्यकीय विद्यार्थ्याला हे पाठ असते.

प्रोनोव्होस्ट यांनी परिचारिकांना महिनाभर केवळ निरीक्षण करावयास सांगितले. एक-तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांकडून निदान एक तरी पायरी गळत होती. त्यानंतर रुग्णालयाच्या प्रशासनाने एक आदेश काढला. कोणतीही पायरी गळल्यास परिचारिकेने डॉक्टरांना तेथेच थांबवावे. प्रशासन तिच्या पाठीशी राहील. श्रेणीची उतरंड जेथे पक्की असते अशा संस्थेत हा आदेश म्हणजे लहानसे बंडच होते, आणि माझ्या मते सगळ्या यादीपेक्षा हाच भाग अधिक परिणामकारक ठरला असावा. दहा दिवसांच्या आत नळीचा संसर्ग होण्याचे तेथील प्रमाण ११ टक्क्यांवरून शून्यावर आले.

पुढे २००३ ते २००५ या काळात मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत हीच पद्धत अवलंबिण्यात आली. मांडीच्या शिरेतून नळी घालणे शक्यतो टाळणे व गरज संपताच नळी काढून टाकणे यांवरही भर देण्यात आला. संसर्गाचे माप ‘दर हजार नळी-दिवसांमागे’ असे धरले होते. दहा रुग्णांना पाच-पाच दिवस नळी असेल तर पन्नास नळी-दिवस झाले, अशी ही मोजणी. आरंभी सरासरी ७.७ असलेले प्रमाण दीड वर्षाच्या अखेरीस १.४ वर आले. डिसेंबर २००६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि तीन वर्षांनंतरही सुधारणा टिकून असल्याचे नंतरच्या पाहणीत आढळले. सहभागी रुग्णालयांपैकी सहांच्या खर्चाचा पुढे बारकाईने अभ्यास झाला. त्यात एक संसर्ग टाळण्यास सरासरी ३,३७५ डॉलर लागल्याचे दिसले. उलट एका संसर्गावरील वाढीव खर्चाचे तेव्हाचे अंदाज १२,२०८ ते ५६,१६७ डॉलर असे होते.

या यशात इतरही गोष्टींचा वाटा होता. प्रत्येक विभागाशी रुग्णालयाचा एक वरिष्ठ अधिकारी जोडून दिलेला होता व त्याने नियमितपणे विभागात जाऊन अडचणी ऐकावयाच्या होत्या. पुष्कळ विभागांत क्लोरहेक्सिडीन मिळतच नव्हते, हे या भेटींतून कळले. ते काही आठवड्यांत उपलब्ध झाले. वस्तू भांडारात नसणे आणि ती मागणाऱ्याचे म्हणणे योग्य टेबलापर्यंत न पोहोचणे, ही अडचण केवळ आपल्याच देशातली नाही, हे वाचून काहींना समाधान वाटेल. मात्र इंग्लंडमध्ये २००९ ते २०११ या काळात हाच प्रयोग झाला तेव्हा कार्यक्रम सुरू न झालेल्या विभागांतही संसर्ग कमी होत असल्याचे दिसले. म्हणून सारे श्रेय यादीला देता येत नाही.

हे काम जगापुढे मांडले ते बोस्टन येथील शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे यांनी. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावचे; आपल्या मातोश्रींच्या नावाने त्यांनी उमरखेड येथे महाविद्यालय स्थापन केले. पुत्राच्या २००९ च्या ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ या ग्रंथामुळे ‘तपासणी यादी’ ही कल्पना अनेक देशांतील रुग्णालयांपर्यंत पोहोचली.

पैसे कोणाच्या खिशातून जातात

याच डॉ. गावंडे यांच्या सहभागाने २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मात्र अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आणली. एका रुग्णालय-समूहातील २०१० मधील ३४,२५६ शस्त्रक्रियांचे हिशेब तपासले असता, ज्यांच्या उपचारात संसर्गासारखी गुंतागुंत निर्माण झाली त्या खाजगी विमाधारक रुग्णांकडून रुग्णालयाला प्रत्येकी सरासरी ३९,०१७ डॉलर अधिक प्राप्ती झाल्याचे आढळले. कोणी मुद्दाम संसर्ग होऊ देत होते असा याचा अर्थ मुळीच नाही. परंतु प्रत्येक दिवसाचे व प्रत्येक इंजेक्शनचे वेगळे बिल आकारले जाते तेथे संसर्ग टाळणाऱ्या संस्थेचे उत्पन्न घटते, हे सत्य नाकारता येत नाही. तोटा रुग्णाचा किंवा विमा कंपनीचा. प्रतिबंधाचा खर्च मात्र रुग्णालयाचा. अशा व्यवस्थेत संसर्गनियंत्रण हे केवळ सद्बुद्धीवर अवलंबून राहते.

ही गाठ सोडविण्यासाठी अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने १ ऑक्टोबर २००८ पासून रक्तवाहिनीतील नळीचा संसर्ग, मूत्रनलिकेचा संसर्ग इत्यादी ठरावीक बाबींसाठी वाढीव रक्कम देणे बंद केले. पुढे ज्या रुग्णालयांची कामगिरी सर्वांत खालच्या चतुर्थांशात असेल त्यांच्या देयकात एक टक्का कपात सुरू झाली.

आपल्या राज्यात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली शस्त्रक्रियांसाठी ठरावीक रकमेचे पॅकेज असते. त्यात तपासण्या, औषधे व भोजन अंतर्भूत असून लाभार्थीकडून पैसे घेता येत नाहीत. अशा पद्धतीत संसर्गामुळे वाढलेल्या दिवसांचा बोजा रुग्णालयावरच पडतो, म्हणजे प्रतिबंधाला आर्थिक कारण मिळते. पण याची दुसरी बाजूही आहे. खर्च पॅकेजबाहेर जाऊ लागला की रुग्णाला लवकर घरी पाठविण्याचा वा दुसरीकडे हलविण्याचा मोह होऊ शकतो. योजनेच्या देखरेखीत ही बाब पाहिली जावी.

आपल्याकडील स्थिती

भारतातील सात शहरांतल्या बारा अतिदक्षता विभागांत झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील १०,८३५ रुग्णांत ४७६ संसर्ग आढळले. मध्यवर्ती नळीच्या संसर्गाचे प्रमाण दर हजार नळी-दिवसांमागे ७.९२ व व्हेंटिलेटरजन्य न्यूमोनियाचे दर हजार व्हेंटिलेटर-दिवसांमागे १०.४६ होते. म्हणजे मिशिगनने जेथून आरंभ केला, जवळजवळ तेथेच आपले हे विभाग उभे होते. त्यानंतर दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांच्या पुढाकाराने देशातील रुग्णालयांचे संसर्गनोंदणीचे जाळे उभे राहिले. २६ रुग्णालयांतील ८९ विभागांची २०१७-१८ ची माहिती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१५ पासूनच्या ‘कायाकल्प’ पुरस्कार योजनेत संसर्गनियंत्रणाला गुण ठेवलेले आहेत.

तथापि बहुसंख्य लहान रुग्णालयांत संसर्ग मोजलाच जात नाही. ज्याची मोजणी नाही त्याच्यासाठी रुग्ण कल्याण समितीच्या सभेत पैसे मागणे अवघड असते. या समितीवर लोकप्रतिनिधी असतात व तिच्याकडे थोडा निधीही असतो. सभेत कोणते प्रश्न विचारावेत, हे त्यांना सुचविता येईल. अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेशी हात चोळण्याचे मद्यार्कयुक्त द्रावण आहे काय, आणि गेल्या तिमाहीत ते किती लिटर खपले? नळाला पाणी चोवीस तास असते काय? क्लोरहेक्सिडीन भांडारात किती दिवस नव्हते? रात्रपाळीत एका परिचारिकेकडे व्हेंटिलेटरवरील किती रुग्ण असतात? यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन रुग्णांमध्ये हात स्वच्छ करावयास लागणारा अर्धा मिनिट, चार अत्यवस्थ रुग्ण सांभाळणाऱ्या परिचारिकेजवळ नसतो. तिला दोष देऊन ते अर्धे मिनिट निर्माण होत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून झालेल्या मोठ्या अभ्यासात दर २५० खाटांमागे एक प्रशिक्षित संसर्गनियंत्रण परिचारिका, नियमित नोंदणी व शल्यचिकित्सकांना त्यांचे स्वतःचे आकडे कळविणे यांमुळे सुमारे एक-तृतीयांश संसर्ग टळल्याचे दिसून आले होते. त्या परिचारिकेकडे अन्य विभागाचे काम सोपविले की ही सारी व्यवस्था कागदावर राहते.

मोजणीस यंत्र लागत नाही. साध्या नोंदवहीत रोज एका ठरलेल्या वेळी तीन आकडे लिहावयाचे : आज विभागात एकूण रुग्ण किती, त्यांपैकी मध्यवर्ती नळी असलेले किती आणि व्हेंटिलेटरवर किती. महिनाअखेर त्यांची बेरीज केली की नळी-दिवस व व्हेंटिलेटर-दिवस मिळतात. प्रयोगशाळेने कळविलेल्या संसर्गांची संख्या त्या बेरजेने भागून हजाराने गुणली की प्रमाण निघते. लहान विभागात एका महिन्याचे प्रमाण फार खालीवर होते, म्हणून निष्कर्ष निदान सहा महिन्यांच्या आकड्यांवरून काढावा, आणि मोजणीची वेळ पाळी बदलली तरी बदलू नये.